इंग्रजी क्रियापदापुढे कोणते प्रिपोझिशन घ्यावे?

इंग्रजी लिहिताना स्पेलिंग चुकले तर संगणक खाली लाल रेघ ओढतो आणि काळ चुकला तर दुसऱ्या वाचनात तो बहुधा लक्षात येतो. क्रियापदापुढे चुकीचे प्रिपोझिशन पडले, तर मात्र लिहिणाऱ्याच्या कानाला काहीही खटकत नाही, कारण त्या वाक्यामागचे मराठी वाक्य अगदी बिनचूक असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून परगावच्या ग्राहकांना जाणारी पत्रे असोत, राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून सोडवलेल्या स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असोत, की नोकरीसाठी केलेले अर्ज असोत, कोल्हापूरकरांच्या इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘मॅरी विथ’ ही मंडळी हमखास भेटतात. या चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. त्यांच्यामागे नियम असतो, पण तो मराठीचा असतो. आणि चूक नियमाने होत असेल, तर ती दुरुस्तही नियमाने करता येते.

मराठीत नामाचे क्रियापदाशी असलेले नाते विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये दाखवतात: ला, ने, शी, त, वर, पासून, साठी, विषयी. ती नामाच्या शेवटी जोडली जातात, तर इंग्रजीत तेच काम करणारे प्रिपोझिशन नामाच्या आधी येते. एवढे शाळेत शिकवले जाते आणि त्याबरोबर एक तक्ताही पाठ होतो: ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’, ‘पासून’ म्हणजे ‘फ्रॉम’. टेबलावरचे पुस्तक आणि कपाटातली फाइल सांगायला हा तक्ता पुरतो, कारण तिथे प्रिपोझिशन खरोखरच जागा दाखवत असते. क्रियापदापाठोपाठ येणारे प्रिपोझिशन मात्र बहुतेक वेळा जागा दाखवत नाही. ते त्या क्रियापदाने स्वतःसाठी ठरवून घेतलेले असते. म्हणून मराठी प्रत्ययाचे भाषांतर करण्याऐवजी इंग्रजी क्रियापदाला काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न: प्रिपोझिशन मुळात हवे आहे का?

मराठीभाषकांच्या इंग्रजीत चुकीचे प्रिपोझिशन निवडल्याच्या चुका आढळतातच. पण नको तिथे प्रिपोझिशन घातल्याच्या चुका मला त्याहून अधिक दिसतात, आणि त्यांचे कारण आपल्या क्रियापदांच्या घडणीत आहे. आपण पुष्कळशा क्रिया एक नाम आणि ‘करणे’, ‘देणे’, ‘साधणे’ असे एखादे क्रियापद यांच्या जोडीने सांगतो: चर्चा करणे, लग्न करणे, हल्ला करणे, विनंती करणे, प्रवेश करणे, संपर्क साधणे, भर देणे. या जोडीतले नाम स्वतःची अपेक्षा घेऊन येते. चर्चा कशाविषयी, लग्न कोणाशी, हल्ला कोणावर, प्रवेश कशात, भर कशावर, हे सांगायला प्रत्यय लागतोच. इंग्रजी नामांचीही अपेक्षा अशीच असते, म्हणून ‘अ डिस्कशन अबाउट द प्राइस’, ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘एंट्री इन्टू द हॉल’, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’ ही सगळी रूपे शुद्ध आहेत. परंतु त्याच शब्दाचे क्रियापद झाले, की ते कर्म थेट घेते आणि मधल्या प्रिपोझिशनची गरज संपते: ‘वुई डिस्कस्ड द प्राइस’, ‘दे अटॅक्ड द फोर्ट’, ‘शी रिक्वेस्टेड लीव्ह’, ‘ही एंटर्ड द हॉल’, ‘द मॅनेजर एम्फसाइज्ड क्वालिटी’. आपण नामाचे प्रिपोझिशन क्रियापदाला जोडतो, कारण आपल्या मनात त्या वेळी ‘चर्चा’ हे नामच असते.

हा फरक आपल्या परिसरातल्या एका प्रसंगावरून चांगला ध्यानात राहतो. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. हे वाक्य इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिता येते. वेढा हे नाम वापरले, तर ‘सिद्दी जौहर लेड सीज टू पन्हाळा’ असे लिहावे लागते आणि तिथे ‘टू’ अनिवार्य असतो. क्रियापद वापरले, तर ‘सिद्दी जौहर बिसीज्ड पन्हाळा’ एवढेच पुरते आणि तिथे ‘टू’ घातला तर वाक्य बिघडते. आपल्या मनातली क्रिया इंग्रजीत नामाने सांगायची आहे की क्रियापदाने, हे आधी ठरवा. अर्ध्याहून अधिक शंका तिथेच मिटतात.

थेट कर्म घेणारी आणि मराठीभाषकांना वारंवार चकवणारी क्रियापदे फार नाहीत, त्यामुळे ती एकदाच नीट पाठ करण्याजोगी आहेत. डिस्कस, मेन्शन आणि डिस्क्राइब यांच्यापुढे ‘अबाउट’ येत नाही. रीच, कॉन्टॅक्ट, ॲप्रोच, ओबे, रिझेंबल यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. मॅरी हे क्रियापद ‘विथ’ घेत नाही, मात्र विवाहित असण्याची स्थिती सांगताना ‘मॅरीड टू’ असे म्हणतात. रिक्वेस्ट, डिमांड, अवेट आणि खाण्याचे पदार्थ मागवण्याच्या अर्थाचे ऑर्डर यांना ‘फॉर’ लागत नाही: मिसळ मागवली तर ‘वुई ऑर्डर्ड मिसळ’, आणि त्यात ‘फॉर’ नको. एम्फसाइज, स्ट्रेस, ॲफेक्ट यांना ‘ऑन’ नको, आणि कम्प्राइज या क्रियापदाला ‘ऑफ’ नको, जरी त्याच अर्थाच्या कन्सिस्ट या क्रियापदाला तो लागतोच. या यादीत जॉइन हे क्रियापदही घाला. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, हे सांगताना ‘ला’ या प्रत्ययामुळे हात आपोआप ‘टू’ लिहू पाहतो. परंतु ‘द पंचगंगा जॉइन्स द कृष्णा’ असेच लिहायचे असते. हाच अर्थ वाहण्याच्या क्रियापदाने सांगायचा असेल, तर मात्र ‘द पंचगंगा फ्लोज इन्टू द कृष्णा’ असे प्रिपोझिशनसह लिहावे लागते.

आता फौंड्रीच्या कार्यालयातून जाणाऱ्या पत्रात सहज सापडेल असा मजकूर जवळून पाहू: ‘वुई डिस्कस्ड अबाउट द ड्रॉइंग विथ युवर इंजिनिअर अँड रिक्वेस्टेड फॉर थ्री मोअर डेज. वुई विल कॉन्टॅक्ट टू यू व्हेन द कास्टिंग्ज रीच टू पुणे.’ या दोन वाक्यांत पाच प्रिपोझिशने आहेत आणि त्यांतली चार काढून टाकायची आहेत. ‘अबाउट’ जाते, कारण ड्रॉइंग हे डिस्कसचे थेट कर्म आहे. ‘फॉर’ जाते, कारण रिक्वेस्ट इथे क्रियापद आहे. कॉन्टॅक्ट आणि रीच यांच्यापुढचे दोन्ही ‘टू’ जातात. उरते ते ‘विथ’, आणि ते राहिलेच पाहिजे, कारण ते चर्चेचा विषय दाखवत नाही, तर चर्चेतला दुसरा माणूस दाखवते. शुद्ध मजकूर असा होतो: ‘वुई डिस्कस्ड द ड्रॉइंग विथ युवर इंजिनिअर अँड रिक्वेस्टेड थ्री मोअर डेज. वुई विल कॉन्टॅक्ट यू व्हेन द कास्टिंग्ज रीच पुणे.’ तात्पर्य, थेट कर्म घेणाऱ्या क्रियापदाजवळ प्रिपोझिशन येतच नाही असे नाही. ते थेट कर्माच्या आड येत नाही, एवढेच.

काही क्रियापदे दोन्ही तऱ्हांनी चालतात, परंतु अर्थ बदलून. सभेला हजर राहणे म्हणजे ‘अटेंड द मीटिंग’, तर गिऱ्हाइकाकडे लक्ष देणे म्हणजे ‘अटेंड टू द कस्टमर’. प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे ‘आन्सर द क्वेश्चन’, तर एखाद्याला जबाबदार असणे म्हणजे ‘आन्सर टू द डायरेक्टर’. खोलीत शिरताना ‘एंटर द रूम’, पण करार करताना ‘एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट’. पोलिसांनी घराची झडती घेतली तर ‘दे सर्च्ड द हाउस’, आणि हरवलेली किल्ली शोधली तर ‘दे सर्च्ड फॉर द की’. या शेवटच्या जोडीत ‘फॉर’ विसरला, तर किल्लीचीच झडती घेतली असा अर्थ होतो.

उलट बाजूची चूक

मराठीत प्रत्यय नसतो किंवा नुसता ‘ला’ असतो आणि इंग्रजीला मात्र प्रिपोझिशन हवे असते, अशीही क्रियापदे आहेत. आपण बसची वाट पाहतो, गाणी ऐकतो, फोटो पाहतो, चहाचे पैसे देतो. इंग्रजीत ‘वेट फॉर द बस’, ‘लिसन टू साँग्ज’, ‘लुक ॲट द फोटो’, ‘पे फॉर द टी’ असे म्हणावे लागते. यांतल्या बहुतेकांची चूक ऐकून ऐकून सुधारते, म्हणून त्यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. एक गट मात्र सुशिक्षितांच्या बोलण्यातही शेवटपर्यंत चुकत राहतो, तो म्हणजे ‘एक्स्प्लेन मी’ हा. ‘मला सांगा’ याचे ‘टेल मी’ होते, ‘मला दाखवा’ याचे ‘शो मी’ होते, तेव्हा ‘मला समजावून सांगा’ याचे ‘एक्स्प्लेन मी’ व्हावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन, प्रपोज, इन्ट्रोड्यूस, अनाउन्स ही क्रियापदे माणसाला थेट घेत नाहीत. त्यांच्यापुढे आधी गोष्ट येते आणि मग ‘टू’सह माणूस येतो. ‘एक्स्प्लेन द बिल टू मी’, ‘इन्ट्रोड्यूस हर टू द प्रिन्सिपल’. टेल आणि से या जोडीतही हाच भेद आहे: ‘ही टोल्ड मी’ बरोबर आणि ‘ही सेड टू मी’ही बरोबर, पण ‘ही टोल्ड टू मी’ आणि ‘ही सेड मी’ ही दोन्ही चूक. स्थूलमानाने पाहिले, तर गिव्ह, टेल, शो, सेंड अशी छोटी आणि घरगुती क्रियापदे माणूस थेट घेतात आणि लॅटिनकडून आलेली लांब क्रियापदे ‘टू’ मागतात. हा नियम पोलादी नाही, पण शंका आली असता पहिला अंदाज बांधायला तो उपयोगी पडतो.

‘वर’ आणि ‘बद्दल’

प्रिपोझिशन लागते हे ठरल्यावर कोणते, हा प्रश्न येतो, आणि इथे सगळ्यांत जास्त फसवणूक ‘वर’ आणि ‘बद्दल’ या दोन शब्दांकडून होते. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ ही समजूत अधूनमधून खरी ठरते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. एखाद्यावर अवलंबून राहणे ‘डिपेंड ऑन’, अभ्यासावर लक्ष केंद्रित करणे ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’, घरावर खर्च करणे ‘स्पेंड ऑन’, रुग्णावर शस्त्रक्रिया करणे ‘ऑपरेट ऑन’. इथपर्यंत मराठी प्रत्यय आपल्या बाजूने आहे. उलट ‘द डॉक्टर ऑपरेटेड हिम’ असे ‘ऑन’ गाळून लिहिणाऱ्यांनी मराठीकडेच थोडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. पण कोणावर हसणे म्हणजे ‘लाफ ॲट’ होते आणि देवावर श्रद्धा असणे म्हणजे ‘बिलीव्ह इन’ होते. कोणावर विश्वास ठेवणे ‘ट्रस्ट’, प्रेम करणे ‘लव्ह’, टीका करणे ‘क्रिटिसाइज’, उपचार करणे ‘ट्रीट’, नियंत्रण ठेवणे ‘कंट्रोल’, मात करणे ‘ओव्हरकम’ या साऱ्यांना तर प्रिपोझिशनच नको, कारण त्या सगळ्या आपल्या नाम आणि ‘करणे’ याच घडणीच्या क्रिया आहेत. म्हणजे ‘वर’ आलेला पाहून आधी पहिल्या प्रश्नाकडे परत जावे: इंग्रजीत हे एकच क्रियापद आहे का आणि ते थेट कर्म घेते का?

‘बद्दल’ची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या जागी इंग्रजी चार निरनिराळी प्रिपोझिशने वापरते आणि प्रत्येकाला आपापला रोख असतो. मदतीबद्दल आभार मानायचे, उशिराबद्दल माफी मागायची, चुकीबद्दल शिक्षा करायची, धैर्याबद्दल कौतुक करायचे, तर ‘फॉर’ घ्यायचे: ‘थँक’, ‘ॲपॉलोजाइज’, ‘पनिश’ आणि ‘प्रेझ’ यांत कोणत्या तरी कृतीची परतफेड किंवा भरपाई असते. चिंता, तक्रार, बोलणे, विचार यांचा विषय सांगायचा, तर ‘अबाउट’: ‘वरी अबाउट द फ्लड’, ‘कम्प्लेन अबाउट द वॉटर सप्लाय’. माहिती देणे आणि आरोप ठेवणे यांना ‘ऑफ’: ‘इन्फॉर्म समबडी ऑफ द डेट’, ‘अक्यूज समबडी ऑफ थेफ्ट’. यशाबद्दल अभिनंदन मात्र ‘ऑन’ घेते, ‘काँग्रॅच्युलेट हर ऑन हर रिझल्ट’. अभिनंदनालाही ‘फॉर’ जोडलेले पुष्कळदा दिसते, तरी परीक्षेत आणि औपचारिक पत्रात ‘ऑन’च लिहावे. आरोपाच्या क्रियापदांत आणखी एक सूक्ष्म भेद आहे आणि तो वर्तमानपत्रात किंवा वकिलाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना लागतो: अक्यूज ‘ऑफ’ घेते, पोलिसांनी गुन्हा दाखल करण्याच्या अर्थाचे चार्ज ‘विथ’ घेते, आणि ब्लेम हे ‘फॉर’ घेते.

पुढे माणूस आहे की वस्तू?

एकाच क्रियापदाला दोन किंवा तीन प्रिपोझिशने चालतात असे पुस्तकात वाचले, की विद्यार्थी गोंधळतात आणि कोणतेही घातले तरी चालेल असा समज करून घेतात. प्रत्यक्षात त्या प्रत्येक प्रिपोझिशनची जागा ठरलेली असते. ॲग्री हे क्रियापद माणसाच्या मताशी ‘विथ’ने जुळते, समोर ठेवलेल्या प्रस्तावाला ‘टू’ने होकार देते आणि दोघांनी मिळून ठरवलेली तारीख किंवा दर ‘ऑन’ने सांगते. गुळाच्या सौद्यात दलाल आणि शेतकरी यांचे दरावर एकमत झाले, तर ‘दे ॲग्रीड ऑन अ प्राइस’. शेतकऱ्याने दलालाची अट मान्य केली, तर ‘ही ॲग्रीड टू द कंडिशन’. आणि त्याला दलालाचे म्हणणे पटले, तर ‘ही ॲग्रीड विथ द ब्रोकर’. हीच रचना अर्ज करण्यात आहे. अर्ज ज्या संस्थेकडे करायचा तिच्या आधी ‘टू’ आणि ज्या गोष्टीसाठी करायचा तिच्या आधी ‘फॉर’: ‘शी अप्लाइड टू शिवाजी युनिव्हर्सिटी फॉर अ स्कॉलरशिप’. माफी मागताना माणसाला ‘टू’, कारणाला ‘फॉर’; तक्रार करताना अधिकाऱ्याला ‘टू’, विषयाला ‘अबाउट’. क्रियापद, माणूस आणि गोष्ट अशा तिन्ही जागा भरून एकदा पूर्ण वाक्य म्हटले, की हे आपोआप मनात बसते.

काही क्रियापदे याहून पुढे जातात आणि कोणते कर्म आधी घेतले त्यावर प्रिपोझिशन बदलतात. राजर्षी शाहू महाराजांनी विद्यार्थ्यांना वसतिगृहे उपलब्ध करून दिली, हे वाक्य घ्या. विद्यार्थी आधी घेतले, तर ‘ही प्रोव्हायडेड स्टुडंट्स विथ हॉस्टेल्स’. वसतिगृहे आधी घेतली, तर ‘ही प्रोव्हायडेड हॉस्टेल्स फॉर स्टुडंट्स’. सप्लाय या क्रियापदातही असेच होते: ‘सप्लाय द शॉप विथ चप्पल्स’ किंवा ‘सप्लाय चप्पल्स टू द शॉप’. त्याउलट शाहू महाराजांनी 1902 साली मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, या वाक्यात रिझर्व्हला ही अदलाबदल चालत नाही. तिथे जागाच आधी येतात आणि ‘फॉर’च घ्यावा लागतो. चोरीच्या दोन क्रियापदांत ही गोष्ट अगदी उघड दिसते. रॉब हे क्रियापद माणसाला किंवा बँकेला कर्म करते आणि गेलेली वस्तू ‘ऑफ’ने सांगते, तर स्टील हे वस्तूला कर्म करते आणि मालक ‘फ्रॉम’ने सांगते. महाद्वार रोडवर कोणाची तरी साखळी चोरीला गेली, तर ‘दे रॉब्ड हर ऑफ हर चेन’ किंवा ‘दे स्टोल अ चेन फ्रॉम हर’. परीक्षेत या दोहोंची सरमिसळ करून पर्याय दिले जातात.

प्रिपोझिशन बदलले की अर्थ बदलतो

काही ठिकाणी दोन्ही प्रिपोझिशने शुद्ध असतात आणि निवड अर्थावर ठरते. यांत ‘ॲट’ आणि ‘टू’ यांची जोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक तर्क आहे. ‘टू’ पोहोचवते आणि ‘ॲट’ नेम धरते. रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरून मित्राने ऐकू यावे म्हणून मोठ्याने हाक दिली, तर ‘ही शाउटेड टू मी’. त्याच मित्राने रागाने आरडाओरडा केला, तर ‘ही शाउटेड ॲट मी’. खासबागच्या मैदानात वस्तादाने पठ्ठ्याकडे टॉवेल टाकला तर ‘थ्रू अ टॉवेल टू हिम’, आणि कोणी कुत्र्याला दगड मारला तर ‘थ्रू अ स्टोन ॲट द डॉग’. पहिल्यात समोरच्याने घ्यावे अशी इच्छा आहे, दुसऱ्यात समोरचा लक्ष्य आहे. लाफ, एम, ग्लेअर ही क्रियापदे ‘ॲट’ का घेतात, तेही यावरून कळते.

रिझल्ट या क्रियापदात तर प्रिपोझिशन चुकले की कार्यकारण उलटे होते. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात आलेल्या पुराविषयी लिहिताना ‘हेवी रेन रिझल्टेड इन फ्लड्स’ म्हणजे पावसाची परिणती पुरात झाली. ‘द फ्लड्स रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन’ म्हणजे पूर पावसातून उद्भवला. ‘इन’ पुढे परिणाम दाखवते आणि ‘फ्रॉम’ मागे कारण दाखवते. हिअर या क्रियापदाचे तीन अर्थही असेच स्वच्छ आहेत: ‘हिअर ऑफ’ म्हणजे अमुक आहे हे ठाऊक असणे, ‘हिअर अबाउट’ म्हणजे त्याविषयी बातमी कळणे, आणि ‘हिअर फ्रॉम’ म्हणजे त्या माणसाकडून पत्र किंवा फोन येणे. पोहोचण्याच्या अर्थाचे अराइव्ह हे ‘टू’ घेत नाही; शहरासाठी ‘इन’ आणि शहरातल्या ठिकाणासाठी ‘ॲट’ घेते, म्हणून ‘अराइव्ह इन कोल्हापूर’ पण ‘अराइव्ह ॲट द बस स्टँड’, आणि घरी आलो तर नुसते ‘अराइव्ह होम’.

लुक आफ्टर, लुक इन्टू, पुट अप विथ अशा जोड्यांचे काम निराळे आहे. तिथे क्रियापद आणि त्यापुढचे शब्द मिळून नवाच अर्थ तयार होतो, त्यामुळे त्या स्वतंत्र शब्द म्हणूनच पाठ कराव्यात. या लेखातले प्रश्न त्यांना लावू नयेत.

उपसर्गाची मदत

ज्यांचे संस्कृत शाळेत थोडेफार झाले आहे, त्यांना उपसर्ग शब्दाचा रोख कसा ठरवतात हे ठाऊक असते: ‘सम्’ बरोबर आणतो, ‘वि’ आणि ‘अप’ दूर नेतात. लॅटिनकडून इंग्रजीत आलेल्या क्रियापदांचे उपसर्ग असेच बोलके आहेत, आणि पुष्कळदा प्रिपोझिशन त्या उपसर्गाचाच अर्थ पुन्हा सांगते. ‘कॉ’, ‘कॉम’ किंवा ‘को’ने सुरू होणाऱ्या क्रियापदांत सोबत असते, म्हणून कोऑपरेट, कॉम्प्लाय, कोइन्साइड, कम्युनिकेट ही ‘विथ’ घेतात. ‘डी’, ‘डिस’, ‘अब’, ‘एक्स’ यांत दूर जाणे असते, म्हणून डीव्हिएट, डिफर, अब्स्टेन, एक्स्क्लूड ही ‘फ्रॉम’ घेतात. ‘ॲड’ हा उपसर्ग जवळ नेतो, म्हणून ॲड, ॲडॅप्ट, ॲडजस्ट, ॲटॅच, ॲडहिअर यांना ‘टू’ लागतो. ‘इन’ने सुरू होणारी इन्व्हेस्ट आणि इन्व्हॉल्व्ह ही ‘इन’ घेतात. अपवाद आहेतच: कन्सिस्ट ‘ऑफ’ घेते, कॉन्ट्रिब्यूट आणि कन्फॉर्म ही ‘टू’ घेतात. तरीही परीक्षेच्या दालनात चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, तेव्हा आंधळ्या अंदाजापेक्षा हा आधार निश्चितच चांगला. कॉम्प्लाय, कोप आणि डील ही तिन्ही ‘विथ’ घेतात; त्यांतल्या कोपमध्ये आपल्याकडे जो ‘अप’ घुसला आहे, तो काढून टाकावा: ‘कोप विथ द वर्कलोड’.

प्रिपोझिशनच्या पुढे काय येते?

प्रिपोझिशननंतर क्रिया आली, तर ती नेहमी ‘आयएनजी’ रूपात येते: ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘सक्सीड इन फाइंडिंग’, ‘प्रिव्हेंट समबडी फ्रॉम लीव्हिंग’. हा नियम सोपा आहे, पण ‘टू’पाशी घोटाळा होतो, कारण ‘टू’ हा दोन कामे करतो. ‘वाँट टू गो’मधला ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाचा भाग आहे, तर ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ प्रिपोझिशन आहे. ओळखण्याची कसोटी अशी: ‘टू’पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे वाक्य उभे राहते, म्हणून पुढे ‘मीटिंग यू’ येणार. ‘आय वाँट टू इट’ हे उभे राहत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘गेट यूज्ड टू’ आणि ‘कमिटेड टू’ हे या कसोटीवर ‘लुक फॉरवर्ड टू’च्याच बाजूला जातात. मुलाखतीनंतरच्या आभाराच्या पत्रात ‘लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असे लिहिलेले दिसते, तिथे ‘हिअरिंग’ हवे.

प्रिपोझिशनपुढचे नाम प्रश्नार्थक शब्द होऊन वाक्याच्या सुरुवातीला गेले, किंवा मागेच येऊन गेले, तरी प्रिपोझिशन आपली जागा सोडत नाही. ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’, ‘द हाउस आय लिव्ह इन’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. मराठीत ‘बसायला खुर्ची’ आणि ‘लिहायला पेन’ यांत ‘वर’ किंवा ‘ने’ कुठेही नसतो, त्यामुळे ‘गिव्ह मी अ चेअर टू सिट’ अशी चूक होते. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आणू नये, असे जुन्या पद्धतीच्या काही शिक्षकांनी मनावर बिंबवलेले असते. ते बंधन पाळण्याची गरज नाही, कारण शिष्ट इंग्रजीतही ही रचना सर्रास चालते.

वही आणि कोश

शंका आली असता इंग्रजी-मराठी कोशात क्रियापदाचा अर्थ पाहून उपयोग होत नाही, कारण तिथे अर्थ मिळतो, सोबतचे प्रिपोझिशन बहुधा मिळत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश यासाठी वापरावेत. त्यांत अर्थाच्या आधी किंवा उदाहरणात ठळक अक्षरांत प्रिपोझिशन दिलेले असते आणि ते आंतरजालावर विनामूल्य उघडतात. नुसती व्याख्या न वाचता उदाहरणाची वाक्ये वाचावीत, आणि आपल्याला हव्या त्या अर्थाच्या नोंदीपर्यंत खाली जावे, कारण अटेंडचा पहिला अर्थ आणि तिसरा अर्थ वेगवेगळी रचना घेतात. दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकून सर्च करण्याची सवय पुष्कळांना आहे, पण ‘डिस्कस अबाउट’ शोधले तरी असंख्य पाने सापडतात. तेवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांत वर्णानुक्रमाने दिलेल्या लांबलचक याद्या पाठ करण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. त्या यादीत क्रियापद आणि प्रिपोझिशन एवढेच असते. पुढे माणूस येतो की वस्तू, हे नसते, आणि नेमके तेच विसरले जाते. त्याऐवजी वहीत क्रियापद पूर्ण चौकटीसह लिहावे: ‘ॲपॉलोजाइज टू समबडी फॉर समथिंग’, ‘अक्यूज समबडी ऑफ समथिंग’, ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’. त्याखाली आपल्या स्वतःच्या कामातले एक वाक्य लिहावे. फौंड्रीतल्याने कास्टिंगचे, दवाखान्यातल्याने रुग्णाचे, विद्यार्थ्याने वसतिगृहाचे. थेट कर्म घेणाऱ्या क्रियापदांसाठी वहीच्या शेवटी वेगळी पाने ठेवावीत आणि तिथे प्रिपोझिशनच्या जागी काट मारावी, म्हणजे नजरेला ती रिकामी जागा ओळखीची होते. उजळणी करताना प्रिपोझिशनवर बोट ठेवून पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणावे. मनातल्या मनात वाचले तर डोळा पुढे निघून जातो. उच्चारले तर जिथे अडखळते, ते क्रियापद अजून पक्के झालेले नाही हे लगेच कळते.

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत काही ठिकाणी फरक आहे आणि तो आपली चूक म्हणून मोजू नये. निकालाविरुद्ध दाद मागताना ब्रिटिश वळणाने ‘अपील अगेन्स्ट द व्हर्डिक्ट’ म्हणतात, अमेरिकेत ‘अपील द व्हर्डिक्ट’ चालते. मला पत्र लिही हे ब्रिटिश वळणाने ‘राइट टू मी’, अमेरिकेत ‘राइट मी’. आपली पाठ्यपुस्तके आणि परीक्षा प्रामुख्याने ब्रिटिश वळण पाळतात, म्हणून परीक्षेत ते धरावे, आणि अमेरिकेतल्या ग्राहकाशी पत्रव्यवहार असेल तर त्याच्या पत्रातली रचना पाहून तीच वापरावी. पत्र पाठवण्याच्या घाईत कोश उघडायला वेळ नसेल, तर ज्या क्रियापदाची रचना पक्की माहीत आहे त्यावर वाक्य फिरवून घ्यावे: ‘इन्फॉर्म’पुढे ‘ऑफ’ की ‘अबाउट’ हे आठवत नसेल, तर ‘टेल’ वापरून वाक्य पुरे करावे आणि ‘इन्फॉर्म’ची चौकट संध्याकाळी वहीत उतरवावी.